लंडनपासून दोन तास

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात झालेलं भाषण. बोललं गेलं तसंच, किंचित आवरून.)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘इंग्लंडमध्ये काय पाहावं आणि कुठं खावं’. वेळ पंचवीस मिनिटं. काल रात्री जेवताना चार-पाच जणांनी मला गाठून सांगितलं, ‘लंडनचं काही सांगू नको, ते यूट्यूबवर बघितलंय.’ बरंच झालं. मी शेफील्डला राहते, रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी केली, आता आठवड्यातून दोन दिवस जाते. लंडन मला तुमच्याइतकंच माहीत आहे. म्हणून मी खेड्यांबद्दल बोलणार आहे.

हा विषय मला जिव्हाळ्याचा का वाटतो ते आधी सांगते. या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान अकरा जणांची मुलं आज इंग्लंडमध्ये आहेत, काल मी मोजली. म्हणजे आज ना उद्या तुम्ही येणार. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला आली होती, साडेपाच महिने राहिली. परत निघताना मी फोनवर विचारलं, ‘काय काय पाहिलंस गं?’ म्हणाली, ‘लंडन आय, राणीचा वाडा, आणि लेकीच्या घराची मागची भिंत.’ ती हसली, मीही हसले. पण अशी माणसं मी तिथं पुष्कळ पाहते. साठीची, पासष्टीची, आयुष्यभर राबलेली माणसं. मुलं नोकरीवर जातात, ही खिडकीशी बसतात. बाहेर कुठं जावं कळत नाही, आणि कळलं तरी ‘तिथं आपण जायचं का?’ ही शंका मनात असते. आजचं बोलणं त्या शंकेसाठी आहे.

तर लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून शेफील्डची गाडी पकडायची, दोन तास लागतात. आमच्या गावाचा साधारण तिसरा हिस्सा एका राष्ट्रीय उद्यानात मोडतो. त्याचं नाव पीक डिस्ट्रिक्ट. १९५१ साली झालेलं हे तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फाटक, तिकीट खिडकी आणि जीपगाडी येते. तसं काही नाही. फाटक नाही, तिकीट नाही. आत गावं आहेत, शाळा आहेत, मेंढ्या आहेत, अडतीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. जमीनही बहुतेक खासगी मालकीची. तरी तुम्ही त्यातून चालू शकता, कारण शेताशेतांतून पायवाटा गेलेल्या आहेत आणि त्या वाटांवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या घरात भरतात. खांबावर पिवळा बाण दिसला की समजायचं, ही पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येतील. वाट थेट कुणाच्या तरी अंगणाच्या कडेने जाते, घरातली बाई कपडे वाळत घालत असते, ती ‘मॉर्निंग’ म्हणते, आपण ‘मॉर्निंग’ म्हणायचं आणि पुढे जायचं. सुरुवातीला मला फार चोरट्यासारखं व्हायचं. नियम दोनच: फाटक उघडलं तर कडी परत घाला, आणि वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहा. दुसरा नियम सोलापूरकरांना सांगायला नको.

नाव पीक असलं तरी शिखरं शोधू नका. सगळ्यात उंच ठिकाण किंडर स्काउट, ६३६ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे गुडघ्यांना फारसं भिण्याचं कारण नाही. हे मी धंद्याच्या अधिकाराने सांगते. दोन काठ्या घ्या, उतरताना लांब करा, चढताना आखूड.

बाई, तुमच्यासाठी दगडांचंही सांगते, नाहीतर तुम्ही मला खाली उतरल्यावर विचारालच. उत्तरेकडचा भाग खरबरीत वालुकाश्माचा, वर काळपट पीटची दलदल. त्याला डार्क पीक म्हणतात. दक्षिणेकडचा भाग चुनखडीचा, हिरवा, दऱ्याखोऱ्यांचा. तो व्हाइट पीक. चुनखडीच्या भागात शेतांना दगडी भिंती आहेत, चुना-सिमेंट काही न घालता नुसत्या रचलेल्या, कोकणातल्या गडग्यासारख्या. आणि वालुकाश्माच्या कड्यांखाली, स्टॅनेज एजला, गवतात मोठमोठी जाती पडलेली दिसतात. गिरण्यांसाठी घडवलेली, मग मागणी संपली आणि जिथल्या तिथे राहिली. त्या उद्यानाचं बोधचिन्हच जातं आहे.

आता पाहायची ठिकाणं. यादी देत नाही. यादी तुमची मुलं मोबाईलवर काढून देतील. मला ज्यांनी धरून ठेवलं तेवढीच सांगते.

चॅट्सवर्थचा वाडा सगळेच पाहतात. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा. २००५ सालचा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पाहिला असेल तर त्यातलं नायकाचं घर हेच. तिकीट महाग आहे. मी पाहुण्यांना सांगते, एकदा आत जा, दुसऱ्यांदा नुसत्या मोकळ्या रानातून नदीकाठाने चाला, हरणं दिसतात आणि पैसे पडत नाहीत. पण आत गेलात तर केळ्याची चौकशी करा. इथल्या काचेच्या घरात, १८३० च्या दशकात, जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने मॉरिशसकडून आलेलं केळीचं झाड वाढवलं. मालकाचं आडनाव त्या जातीला मिळालं. कॅव्हेंडिश. जळगावची बसराई आणि आता सगळीकडे लावतात ती ग्रँड नैन, दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. त्या जाती आपल्याकडे चॅट्सवर्थहून आल्या असं मी म्हणत नाही. केळं मूळचं आपल्या बाजूचंच. नाव तेवढं ड्यूकचं. या पॅक्स्टनने पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला. माळ्याच्या पोरापोरींनी हे ऐकून ठेवावं.

डर्बीजवळ केडल्स्टन हॉल आहे. तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. ही १८९५ साली सुरू झालेली संस्था, जुने वाडे, किनारे, रानं सांभाळते. तुमच्या मुलांनी सभासदत्व घेतलं असेल तर पाहुणे म्हणून काय सवलत आहे ते विचारा. केडल्स्टनसमोर उभं राहिलं की वाटतं, हे कुठंतरी पाहिलंय. कोलकात्याचं राजभवन याच वाड्याच्या नमुन्यावर बांधलं. आणि पुढे या घरचा मुलगा त्या घरात व्हाइसरॉय म्हणून राहायला गेला: लॉर्ड कर्झन, १८९९ ते १९०५, बंगालची फाळणी करणारा. त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं दालन खाली आहे. त्याच्या बायकोचा मोरपिसांच्या नक्षीचा झगा काचेमागे ठेवलेला आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात तिने तो घातला होता, भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचं. कारागिरांची नावं पाटीवर शोधत मी उभी राहते. तुम्हीही राहा. या वाड्यांमध्ये जाताना बुजायचं नाही हे मी वारंवार का सांगते ते कळलं ना? त्यातल्या पुष्कळ खोल्यांचे पैसे कुठून आले हे आता ते लोकच लिहू लागले आहेत. नॅशनल ट्रस्टने २०२० साली त्यावर अहवाल काढला, आणि वसाहती किंवा गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेली त्र्याण्णव ठिकाणं त्यात नोंदली. बराच गदारोळ झाला. असो.

वाड्यांपेक्षा मला एक खेडं जास्त आवडतं. लिहितात एयाम, म्हणतात ईम. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातून प्लेग आला अशी तिथली हकिगत आहे. पुढच्या जूनमध्ये गावाने ठरवलं, कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. शिवेवर एक धोंडा आहे, त्याला भोकं पाडलेली. त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरच्या माणसांनी ती घेऊन धान्य ठेवून जायचं. चौदा महिन्यांत अडीचशेच्या वर माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. ती थडगी शेताच्या मधोमध आहेत, दगडी कुंपणात. आणि गावातल्या घरांवर पाट्या आहेत: या घरात अमुक अमुक वारले. आजही त्या घरांत माणसं राहतात, दारात फुलांच्या कुंड्या आहेत.

या गावाची कथा तिथं फार गोड करून सांगतात. गावच्या धर्मगुरूने, मॉम्पेसनने, स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती. बायको मात्र थांबली, आणि ऑगस्टमध्ये गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्याकडे १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरात शिरले आणि पुढे काय झालं ते सरांनी आपल्याला शिकवलंय. कोविडमध्ये आमच्या रुग्णालयातल्या पाळ्या संपल्यावर मी एकदा एकटीच त्या धोंड्यापाशी जाऊन आले. लोक अजून त्या भोकांत नाणी ठेवतात.

लेडीबावरचं धरणही पाहा. त्यासाठी दोन गावं बुडाली, डरवेंट आणि ॲशॉप्टन. चर्चचा मनोरा आठवण म्हणून पाण्याबाहेर ठेवला होता, १९४७ साली तोही सुरुंगाने पाडला. दुष्काळ पडला की गावाचे अवशेष वर येतात आणि माणसांची रीघ लागते. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ बघायला आपण जातो, तसंच अगदी. आमच्याकडे आलेल्या एका इंदापूरच्या काकांना मी हे दाखवलं, तर ते पाण्याकडे बघायचं सोडून विचारायला लागले, ‘मोबदला किती दिला होता?’

आता खाण्याचं. सगळे सावरून बसले, दिसतंय मला.

आधी पबविषयी, कारण खेड्यात जेवायचं म्हणजे बहुधा पबमध्ये. आपल्या बायकांना पब हा शब्दच नको वाटतो. माझ्या आईने पहिल्यांदा पाटी वाचून पदर घट्ट केला होता. पण खेड्यातला पब म्हणजे चावडी, खानावळ आणि पार एकत्र. म्हातारी माणसं कुत्रं घेऊन शेकोटीशी बसलेली असतात, लेकरं चिप्स खात असतात. दारू प्यायलाच हवी असं मुळीच नाही. टेबलावर कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघत बसू नका. बऱ्याच ठिकाणी कुणी येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, उठून काउंटरवर जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे. एक गोष्ट मात्र पाठ करा: स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं. आपण तीन वाजता भुकेने कळवळत पोचलो तर हसून ‘सॉरी’ म्हणतात आणि खारे दाण्यांचं पाकीट देतात. सोमवारी काही ठिकाणी स्वयंपाकघरच बंद. रविवारी रोस्ट असतो, मांसाचे काप, भाजलेले बटाटे, भाज्या, ग्रेव्ही, आणि यॉर्कशायर पुडिंग. ते गोड नसतं. पीठ, अंडं, दूध यांचा फुगवलेला द्रोण समजा.

शाकाहारी मंडळींना आता तिथं उपाशी राहावं लागत नाही, मेन्यूवर ‘व्ही’ अक्षर असतंच. पण काही खाचाखोचा आहेत. चिप्स कशात तळतात ते विचारा. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशायरच्या बाजूला, मासे-चिप्सच्या दुकानांत अजून पुष्कळ ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. विचारलं की ते खरं सांगतात, त्यांना राग येत नाही. काही चीज विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात, आणि तो कुठल्याही चीज-टोस्टवर शिंपडलेला असू शकतो. अंडं न खाणाऱ्यांनी केक आणि बहुतेक स्कोन सोडून द्यावेत. सगळ्यात बिनधोक म्हणजे जॅकेट पोटॅटो, अख्खा भाजलेला बटाटा, वर लोणी, चीज किंवा गोडसर शेंगदाण्यांएवढ्या बीन्स. सपक आहे. म्हणून पर्समध्ये शेंगाची चटणी ठेवायची. मी हातभर लांब पबमध्ये बसून ती बटाट्यावर घातली आहे, आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हातारबुवांनी चव मागितली आहे. पुढचा पाव तास ते पाणी पीत होते, पण नाव लिहून घेतलं.

त्यावरून आठवलं. बॅगेत चटणी आणा, कडक भाकरी आणा. पेढे आणि तूप आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू तुपातले असतील तर आधी नियम तपासा, नाहीतर रडारड होते.

बेकवेल गावाचं पुडिंग खायलाच हवं. बेकवेल टार्ट नव्हे. ते वेगळं, देशभर मिळतं. पुडिंग म्हणजे पापुद्र्यांचं पीठ, त्यात जॅमचा थर, वर अंडं-बदामाचं मऊसूत मिश्रण, भाजून वर करपट डाग पडलेलं. दिसायला अगदी बेढब. एका खाणावळीतल्या स्वयंपाकिणीचा गोंधळ होऊन ते झालं, अशी गोष्ट सांगतात आणि मूळ कृती आपल्याकडेच आहे असं गावातल्या एकाहून जास्त दुकानांचं म्हणणं असतं. कंदी पेढ्यांच्या दुकानांच्या पाट्या आठवतात ना? तसंच. सोमवारी गेलात तर बाजार असतो.

डर्बीशायरची ओटकेक हा माझा शोध, म्हणजे माझ्यापुरता. नाव केक असलं तरी ती चक्क आंबोळी आहे. ओटचं पीठ आंबवून तव्यावर घातलेली, मऊ, जाळीदार. ते लोक बेकन घालून खातात, मी हिरवी मिरची आणि चीज घालून खाते. स्टिल्टन हे निळ्या शिरांचं चीज कायद्याने डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत करता येतं. चव बघा, नाकाला चिमटा लावून. ‘प्लाउमन्स लंच’ म्हणजे नांगऱ्याची न्याहारी असं नाव असलेलं ताट पबमध्ये मिळतं, पाव, चीज, कांदा, लोणचं. पाव-कांदा-चीज जुनंच, पण या नावाने त्याचा गाजावाजा केला तो १९५० नंतर चीज विकणाऱ्यांनी. तरी छान लागतं. कांदा-भाकर खाल्लेल्या माणसाला का नाही लागणार?

आणि चहा. क्रीम टी म्हणजे चहात साय नव्हे. चहाबरोबर स्कोन, जॅम आणि घट्ट साय. आधी जॅम की आधी साय यावर कॉर्नवॉल आणि डेव्हन यांचं भांडण आहे. आपण पाहुणे, आपण दोन्ही करावं.

एक पब नावानिशी सांगते. आमच्या शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेवर बॅमफर्ड स्टेशन आहे. तिथला ‘अँग्लर्स रेस्ट’. खेड्यांतले पब तिकडे धडाधड बंद होत आहेत, धनी बिल्डरला विकून टाकतात. बॅमफर्डच्या लोकांनी शेअर काढले आणि २०१३ साली पब गावाच्या मालकीचा करून घेतला. आता तिथंच कॅफे आणि तिथंच पोस्ट. पेन्शनच्या कामाला आलेली आजीबाई पोस्टाच्या खिडकीवरून उठून सूपाला बसते. आपल्या सहकारी संस्थांचं काय झालं ते मी इथं बोलत नाही, समोर दोन माजी चेअरमन बसलेत.

आता राहिलं किंडर. ते मी मुद्दाम मागे ठेवलं.

माझे आप्पा गिरणीत होते हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील होते. भोंग्यावर आपली शाळा चालायची. आप्पा माझ्याकडे एकदाच आले, गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर. तीन आठवडे खिडकीत बसून होते. ‘इथं माणसं कुठं हायत?’ एवढंच म्हणायचे. एका रविवारी मी त्यांना हेफील्डला नेलं. गावाबाहेर बोडेन ब्रिज नावाची जुनी दगडाची खाण आहे, तिथं कातळावर एक पाटी आहे. मी त्यांना ती मराठीत वाचून दाखवली आणि मग गोष्ट सांगितली.

मँचेस्टर-शेफील्डचे कामगार रविवारी धुरातून सुटका म्हणून डोंगराकडे जायचे. पण किंडरचं पठार बंद होतं. ते डेव्हनशायरच्या ड्यूकचं, तेच चॅट्सवर्थवाले, केळ्यावाले. वर्षातले थोडे दिवस तिथं पक्ष्यांची शिकार व्हायची, बाकी वेळ राखणदार काठ्या घेऊन उभे. १९३२ च्या २४ एप्रिलला, रविवारी, या खाणीतून काहीशे कामगार पोरं-पोरी निघाली आणि सरळ वर चढून गेली. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. वर राखणदारांशी झटापट झाली. परतल्यावर पोलिसांनी धरलं, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. पण लोक खवळले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली हे उद्यान, आणि २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर सगळ्यांना फिरायचा हक्क मिळाला. २००२ साली, सत्तर वर्षांनी, त्याच ठिकाणी तेव्हाच्या ड्यूकने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न आला, ‘रविवारी गेले म्हंजे पगार कापला नसंल.’ मी म्हटलं, नसेल. मग बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘साल कुठलं म्हनालीस?’ बत्तीस, म्हटलं. ‘आपल्या चौघांस्नी एकतीसला फाशी दिलं. बारा जानेवारी.’

मला वाटतं या सभागृहात त्याचा अर्थ सांगायची गरज नाही. चार हुतात्मा चौकातून आपण रोज शाळेला आलोय. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्यात गिरणी कामगार होते, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. त्याच सरकारने, एका वर्षाच्या अंतराने, आपल्या देशातल्या कामगार पोराला चार महिने दिले. मी इतकी वर्षं त्या डोंगरावर जात होते, ही दोन सालं शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. आप्पांनी पाटीवरच्या धुळीवरून हात फिरवला आणि वर बोट दाखवून विचारलं, ‘आता जाऊ देत्यात का?’ जाऊ देतात, म्हटलं. मग ते चढायला लागले. पायात बाटाच्या चपला. पाण्याच्या तलावापर्यंत, म्हणजे अर्ध्या वाटेवर, गेलो. तिथं बसून कडक भाकरी आणि चटणी खाल्ली. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते हात जोडून नमस्कार करत होते, आणि प्रत्येक माणूस थांबून उत्तर देत होता. त्यानंतरचे दोन महिने ते खिडकीत बसले नाहीत. बसचा पास काढून घेतला.

सगळीकडे असंच स्वागत होतं असं मी म्हणणार नाही. एका गावात, नाव घेत नाही, मी साडी नेसून चहाला गेले तेव्हा बोलणारी माणसं एकदम गप्प झाली आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं. चहा प्यायले, बिल दिलं, बाहेर आले. त्या गावची पायवाट मात्र सुंदर आहे, तिथून मी अजूनही जाते. पिवळ्या बाणाच्या वाटेवर कुणाला काही विचारावं लागत नाही.

आता पटपट. यायचं तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. रविवारी खेड्यांत बस कमी असतात, पण रेल्वे आहे. ग्रिंडलफर्ड, हॅदरसेज, बॅमफर्ड, होप, एडेल ही ओळीने स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी उतरून चालता येतं. हॅदरसेजच्या चर्चच्या आवारात रॉबिन हूडच्या लिटल जॉनचं म्हणून दाखवतात ते लांबलचक थडगं आहे. एडेलला पेनाइन वे सुरू होते, १९६५ साली खुली झालेली २६८ मैलांची वाट. पहिला मैल आपल्याला पुरे. दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशात शेतांच्या भिंतीसुद्धा दाखवलेल्या असतात. स्वच्छतागृहं गाडीतळांवर असतात, वीस-पन्नास पेन्सची नाणी जवळ ठेवा.

आत्ता मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: ‘आणि पाऊस पडला तर?’ अक्षर ओळखलं मी, शाळेतही तू शेवटच्याच बाकावर होतास. पाऊस पडणारच. थांबायचं नाही, अंगावर जॅकेट घालून चालायचं. अगदीच मुसळधार असेल तर कॅसलटनला जा. तिथं चार गुहा आहेत. ब्लू जॉन नावाचा जांभळा-पिवळा पट्टेदार दगड तिथंच निघतो, दागिने होतात, नवऱ्यांनी खिसा सांभाळावा. त्यातली स्पीडवेल ही जुनी शिशाची खाण आहे. शंभरावर पायऱ्या उतरून बोटीत बसायचं आणि डोंगराच्या पोटातल्या कालव्यातून पुढे जायचं. निघण्याआधी चालू आहे ना ते विचारून घ्या. डोक्यावर हेल्मेट देतात, कारण छत फार खाली आहे. तू उंच आहेस, तू मधे बस, कडेला बसू नकोस.